रुग्णवाहिकेत सोनोग्राफी, सांगणारा तज्ज्ञ लांब : आपल्याकडे का होत नाही?

तुम्ही विचारलंय की रुग्णवाहिकेतच सोनोग्राफी केली आणि हॉस्पिटलात बसलेल्या तज्ज्ञाने मोबाइलवर चित्र बघून मार्गदर्शन केलं, तर अपघातातले पेशंट वाचतील का, आणि आपल्याकडे हे का होत नाही. वाचतील, काही जण. ‘का होत नाही’कडे येतो, पण आधी एक रात्र सांगतो. प्रश्न वाचला आणि तीच आठवली.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा डॉक्टर. 108 रुग्णवाहिकेवर साडेचार वर्षं काढली. 2014 साली महाराष्ट्रात 937 गाड्या आल्या, 233 अॅडव्हान्स आणि बाकी बेसिक, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. त्या डॉक्टरांमध्ये आयुर्वेद-होमिओपॅथीवाले किती, हे वेगळं सांगायला नको. कोकणात उतरणारा एक घाट माझ्या वाट्याला होता. नाव सांगत नाही, सांगितलं तर हॉस्पिटलही कळेल.

जुलै, रात्री अकराची वेळ, पाऊस असा की वायपर नुसताच हलतोय. मोटारसायकल कठड्याला धडकलेली. पोरगा बावीस-तेवीसचा, शुद्धीवर, बोलतोय. गाडीचं किती नुकसान झालं ते मलाच विचारतोय. बीपी 124/80, नाडी 98. डाव्या बरगड्यांवर हात ठेवला की कळवळत होता. आणि सारखा म्हणत होता, डावा खांदा दुखतोय. मी शर्ट कापून खांदा पाहिला. ओरखडासुद्धा नाही.

ज्यांनी वाचलंय त्यांना इथेच कळलं असेल. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली की रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली साचतं, आणि दुखणं खांद्यात जाणवतं. हे आयुर्वेदाच्या कॉलेजात शल्यतंत्राच्या तासाला शिकवतात, हे ज्यांना ठाऊक नसतं अशांपैकी एक डॉक्टर त्या रात्री हॉस्पिटलात ड्यूटीवर होते.

दोन्ही हातांच्या शिरांत व्हेन्फ्लॉनची नळी, एका बाजूला आरएल सलाइन, ऑक्सिजन, आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. नियम तोच. दारातच सांगितलं, “सर, प्लीहा वाटतेय, सर्जन बोलवा किंवा सरळ रेफर करा, मी गाडी सोडत नाही.” उत्तर मिळालं, “तुम्ही निदान करू नका, उचलून आणायचं काम करा.” सोनोग्राफीचं मशीन होतं. खोलीला कुलूप होतं. रेडिओलॉजिस्ट मंगळवारी आणि शुक्रवारी येत, आणि तो दिवस शनिवार. केसपेपर, एमएलसी म्हणजे पोलीस केसची नोंद, बरगड्यांचा एक्स-रे. पन्नास मिनिटांनी नाडी 132, बीपी 86. मग एकदम धावपळ, रेफरची चिठ्ठी, आणि परत मीच. पुढे दोन तासांचा रस्ता पायलटने, म्हणजे आमच्या ड्रायव्हरने, दीड तासात काढला. पोट उघडलं तेव्हा आत दोन लिटरच्या आसपास रक्त निघालं. प्लीहा काढली. पोरगा जगला.

माझा साडू रेडिओलॉजिस्ट आहे. त्या वर्षी गणपतीत जेवताना मी हे सांगितलं. तो म्हणाला, “जगला ना? मग मशीन कशाला हवं होतं?” तेव्हापासून आमचा वाद चालू आहे, आणि खरं सांगायचं तर हे उत्तर त्याच वादातून आलंय.

आता तुमचं ‘का होत नाही’. कायदा. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याच्या नियमांत 2012 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून पोर्टेबल सोनोग्राफी दोनच ठिकाणी चालते : नोंदणी झालेल्या हॉस्पिटलच्या आवारात तिथल्याच भरती पेशंटसाठी, किंवा इतर बऱ्याच सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. रस्त्यावरच्या अपघाताला धावणारी साधी गाडी त्यात बसत नाही. माझ्या पदवीवर प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा मशीनचा भाग, हातात येणं तर दूरच. कायद्याला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, आणि तरी 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 च्या 913 वरून 2011 ला 894 वर आल्या. बीडला 807. खिशात मावणाऱ्या मशीनची सरकारला भीती वाटते ती उगाच नाही.

पण मला सांगा, लांबून बघणारा तज्ज्ञ म्हणजे कोण? प्रत्येक चित्र त्याच वेळी दुसरा डॉक्टर बघतोय आणि ते साठवलं जातंय, म्हणजे पहारेकरीच झाला की. कोल्हापूरला सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे केलेली तपासणी साठवून ठेवणारं उपकरण, लावायला सांगितलं होतं, ते दुसरं काय होतं? 2011 मध्ये मुंबई हायकोर्टाने ते उचलून धरलं, तेव्हा सगळ्यात जास्त कोण चिडलं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे लक्ष ठेवणारा नको, आणि लक्ष नाही म्हणून मशीनही नको. असं कसं चालेल?

साडूचं दुसरं म्हणणं, हात शिकलेला नसेल तर चित्र कचरा. 2004 साली अवकाश स्थानकावर माइक फिंक आणि गेन्नादी पादाल्का यांनी खांद्याची सोनोग्राफी केली. दोघेही डॉक्टर नाहीत, हवाई दलातले. खालून तज्ज्ञ सांगत होते, वर हे प्रोब फिरवत होते. चारशे किलोमीटर वर जमतं आणि घाटात जमत नाही?

मी स्वतः एका प्रशिक्षणात पुतळ्याच्या सिम्युलेटरवर केलंय. सांगणाऱ्या मॅडम शेजारच्या खोलीत, त्यांना फक्त चित्र दिसतंय. “खूण डोक्याकडे. उजव्या बरगड्यांवर, कुशीला. अजून मागे. मुठीने गादीला टेका. आता पंख्यासारखं हळू. थांब!” यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये काळी पट्टी. पोटात रक्त. 48 सेकंद लागले. साडू म्हणाला पुतळा ओरडत नाही, गाडी गचके खात नाही. हे मात्र त्याचं बरोबर आहे.

जर्मनीत हे रस्त्यावर, खऱ्या पेशंटवर करून पाहिलंय. 2006 च्या अभ्यासात 202 पेशंट होते, त्यातल्या 30 टक्क्यांत उपचार बदलले आणि 22 टक्क्यांत कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते बदललं. मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. सोनोग्राफीने रक्त थांबत नाही. गाडी कुठे वळवायची ते कळतं. आणि माझ्यासारख्याच्या शब्दाला चित्राचा आधार मिळतो, मग “उचलून आणा” म्हणता येत नाही.

तुम्ही इमर्जन्सीचं शिक्षण घेताय असं लिहिलंय, म्हणून काही गोष्टी, ज्या खरं तर आधीच सांगायला हव्या होत्या. प्रोबसाठी गाडी थांबवायची नाही, चालत्या गाडीत जमेल तेवढं. काळी पट्टी दिसायला पोटात साधारण 200 मिली तरी रक्त लागतं, म्हणून दिसली नाही याचा अर्थ रक्त नाही असा होत नाही. त्या पोराला मी पहिल्या वीस मिनिटांत पाहिलं, तेव्हा दिसलं असतं की नाही, छातीठोकपणे नाही सांगता येणार. कदाचित चित्रात रक्त दिसलंच नसतं आणि मीच निर्धास्त झालो असतो. खांद्याचं दुखणं विचारायला मशीन लागत नाही, ते आधी शिका.

आणि नेटवर्क. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रुग्णवाहिकेतून चित्रं पाठवून पाहिली, तेव्हा त्यांनी मोबाइलच्या जोडीला उपग्रहही घेतला होता. आमच्या घाटात त्या रात्री साधा फोनसुद्धा लागत नव्हता. कंट्रोलरूमशी बोलणं झालं ते खाली ढाब्यापाशी आल्यावर. साडूला हे मी अजून सांगितलेलं नाही.