रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखते ते काय?

प्रश्न : मी 47 वर्षांची असून विरारला राहते आणि फोर्टमधील एका कंपनीत हिशेबाचे काम पाहते. पहाटे साडेचारला उठायचे, डबे करायचे, अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे आवरायचे आणि गाडी गाठायची, असे दोन वर्षे चालू आहे. वर्षभरापासून मान आखडते, छातीत जळजळते, रात्री तीनला जाग येते ती गजर होईपर्यंत डोळा लागत नाही. आकडे जुळवताना चुका होतात, मुलांवर उगाच खेकसते. ईसीजी, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत; फक्त एकदा रक्तदाब 138/88 भरला. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ हे सारे माझ्या मनाचे खेळ आहेत का? – एक वाचक, विरार

उत्तर : नाहीत. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी फार सवयीने देतो, जणू टेन्शन ही मंडईतून पिशवीत घालून आणायची वस्तू आहे आणि न आणल्यास घर चालेल. पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, जिवाला घोर लागणे असे आपण बोलतो, तेव्हा मनाचा भार शरीर वाहते हे आपण मान्यच केलेले असते.

सुटू लागलेली गाडी आपण धावत पकडता तेव्हा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी प्रथम अ‍ॅड्रेनालिन आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल ही संप्रेरके (हार्मोन्स) रक्तात सोडतात. नाडी व रक्तदाब वाढतात, यकृत साखर मोकळी करते, स्नायू ताठतात आणि पचनाचे काम मागे पडते. बसायला जागा मिळाली की हे सारे ओसरते, आणि तेवढ्यापुरते ते उपकारकच असते. आपल्या बाबतीत मात्र ओसरण्याची वेळच येत नाही, कारण गाडीतून उतरल्यावर कार्यालय आणि कार्यालयातून सुटल्यावर सासूबाईंचे औषधपाणी उभे असते. कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असावे, हा नेम दीर्घकाळच्या ताणाने बिघडू शकतो आणि मग झोप उथळ होते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचा ताण आणखी जाचतो. स्मरणशक्तीशी संबंधित असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग कॉर्टिसॉलला विशेष संवेदनशील असतो. त्यामुळे आकड्यांतील चुकांना निष्काळजीपणा म्हणून स्वतःला दूषण देऊ नये.

आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांबाबत एक प्रयोग मला नेहमी आठवतो. 1995 साली अमेरिकेतील ओहायो येथे, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम करून ती भरण्यास किती दिवस लागतात हे मोजण्यात आले. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. नेहमीच्या तपासण्यांत हे दिसले नसते. रिपोर्ट नॉर्मल येणे ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु त्याचा अर्थ काही बिघडलेले नाही असा होत नाही.

मात्र सर्वच ताणाच्या खात्यावर टाकणेही बरोबर नाही. आपल्या वयात रजोनिवृत्तीच्या आधीच्या बदलांमुळे झोपमोड आणि चिडचिड होते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले नसल्यास तपासून घ्यावे. रक्तदाब एका मोजणीवरून ठरत नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून घरी मोजावा आणि वहीत लिहावा. सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टरांना वही दाखवावी. दुपारनंतर चहा टाळावा. झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये.

आता पत्रात न लिहिलेल्या गोष्टीविषयी. आपण मुलांचा आणि सासूबाईंचा उल्लेख केला आहे, यजमानांचा केलेला नाही. ते हयात नसतील किंवा दूर असतील तर माझ्या बोलण्याबद्दल क्षमस्व. घरात असतील तर रात्रीचे औषधपाणी त्यांच्याकडे का नाही, हा प्रश्न माझ्या लेखी कोणत्याही गोळीपेक्षा मोलाचा आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1967 पासूनच्या पाहणीत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा कनिष्ठांत अधिक आढळले, आणि पुढच्या पाहणीत स्वतःच्या कामावर अधिकार नसणे हे त्याचे एक कारण दिसले. आपल्या दिवसातील एकही तास आपल्या हातात नाही. आठवड्यातील दोन संध्याकाळी तरी सासूबाईंची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे, नात्यातील किंवा पगारी, ठरवून द्यावी. ‘जमेल तेव्हा’ असे ठरवलेले जमत नाही.

सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात संकोच करू नये. आपल्या रोजच्या मार्गावरच, मुंबई सेंट्रलला, महापालिकेचे नायर रुग्णालय आहे. जगणे नकोसे वाटू लागल्यास त्याच क्षणी घरच्यांना सांगावे आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे, ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास असून मराठीतही बोलता येते.

प्रश्न : ताणाने पोटात अल्सर होतो असे वडील म्हणतात, मित्र म्हणतो ते जुने झाले. खरे काय? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : वडिलांच्या पिढीला आम्हीच तसे सांगितले होते. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांना थंडीत ठेवून, दमवून, इजा करून पाहिले तेव्हा कारण कोणतेही असो, त्यांच्या जठरात व्रण आढळले, आणि ती समजूत पक्की होत गेली. पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला. मार्शल यांनी तर तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. त्यांना 2005 चे नोबेल मिळाले. बहुतेक अल्सर या जिवाणूने किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराने होतात. ताण दुखणे वाढवतो, बरे होणे लांबवतो, पण त्याच्या नावावर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने चघळत राहिल्यास जिवाणू तसाच राहतो. शौचास काळे होत असेल, वजन घटत असेल किंवा उलटीत रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.