देव पवित्र आहे म्हणजे काय, हे 6 वर्षांच्या पोराला कसं सांगायचं?

मी मिरजेत संडे स्कूलला (चर्चच्या रविवारच्या वर्गाला) लहान पोरांना शिकवते, त्यामुळं हा प्रश्न दर वर्षी येतोच. पवित्र म्हणजे स्वच्छ एवढंच सांगू नका, नाहीतर पोरं साबणाचा विचार करतात (खरंच, एकानं विचारलेलं देव रोज आंघोळ करतो का). हिब्रूत शब्द आहे कादोश, त्यात वेगळं राखलेलं, बाकीच्यांसारखं नसलेलं असा अर्थ येतो.

आमच्याकडं तंबोरे बनवणारी घरं आहेत ना, तिथलं उदाहरण मी देते, तंबोऱ्याला गवसणी घालून ठेवतात, त्यावर कपडे वाळत घालत नाहीत, चुकून पाय लागला तर लगेच नमस्कार करतात, आणि हे काय भीतीनं नाही तर तो खास आहे म्हणून. मग मोशेची गोष्ट सांगायची, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 3 ऱ्या अध्यायातली, झुडूप पेटलंय पण जळत नाही आणि देव म्हणतो पायातलं काढ. आपल्याकडच्या पोरांना चप्पल काढायचं वेगळं समजवावं लागत नाही, ते लगेच कळतं.

बायबलमधल्याच यशया या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात पवित्र हा शब्द सलग 3 वेळा येतो, तो पोरांकडून आधी हळू, मग मोठ्यानं म्हणवून घ्या, मजा येते त्यांना.

प्रार्थनेत चुळबुळ केली की "देव शिक्षा करंल" म्हणणं मात्र बंद करा. आणि आपण स्वतः प्रार्थनेत मोबाईल बघत असलो तर पोरगं तेच शिकणार ओ.