आधी लेकीला फोन करा, परीक्षेचं मग बघू

प्रश्न : मुलगी पुण्यात एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या इराणी मैत्रिणीने तिला नादाला लावलंय. इराणमध्ये नैराश्याची प्रश्नावली फारसीत आणून विद्यार्थ्यांवर तपासली, तसं आपण मराठीत करू म्हणते. भाषांतर काय, मोबाइलही करतो! जूननंतर पैसे मिळणार नाहीत, एमपीएससीचा क्लास लाव, असं मी बजावलंय. तेव्हापासून पंधरा दिवस माझा फोन उचलत नाही. आईला म्हणते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. सगळी नाटकं. कोणती परीक्षा द्यायला लावू? – एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. ‘सगळी नाटकं’ या दोन शब्दांपाशी मी थांबले. ज्या प्रश्नावलीवरून तुमच्या घरात वाद पेटला, त्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांच्या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत आणि ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. त्यात झोपेचा प्रश्न आहे, भुकेचाही आहे. पत्रावरून तिला नैराश्य आलंय असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण जी मुलगी हेच शिकतेय, ती आईजवळ हे बोलली आणि तुम्ही ते एका फटक्यात निकालात काढलंत, याची मला काळजी वाटते.

आज संध्याकाळी फोन करा. क्लास, परीक्षा, पैसे, यातलं काही काढू नका. नाही उचलला तर ‘जेवलीस का’ एवढाच मेसेज टाका आणि रविवारी तिच्या आईला घेऊन पुणं गाठा. समुपदेशकाकडे जायची तिची तयारी असेल तर सोबत जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि जूनची मुदत मागे घ्या. ज्या पैशावर तिचं दोन वेळचं जेवण चालतं, तोच तुम्ही लगाम म्हणून ओढताय.

आता भाषांतराचं. फारसीत ‘दिलगीर’ म्हणजे खिन्न किंवा दुखावलेला. तोच शब्द मराठीत आला आणि आज आपण तो बहुतेक माफी मागतानाच वापरतो. प्रश्नावलीत तो तसाच छापला तर मुलं अपराधीपणाबद्दल उत्तर देतील आणि आपण समजू, दुःख मोजलं. मोबाइलला ही चूक कळणार नाही. म्हणून एकजण भाषांतर करतो, मूळ प्रश्न न पाहिलेला दुसरा ते उलट मूळ भाषेत आणतो, दोन्ही ताडून पाहतात, मग काही विद्यार्थ्यांना समोर बसवून ‘या वाक्याचा तुला काय अर्थ लागला?’ असं विचारतात. आकडेमोड त्यानंतर. इराणमध्ये गासेमजादे आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या प्रश्नावलीच्या दुसऱ्या आवृत्तीचं फारसी रूप १२५ कॉलेज विद्यार्थ्यांवर तपासलं, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबाख अल्फा ०.८७ आला. पुन्हा भरून घेतल्यावर दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.७४. दोन्हींत १ म्हणजे पूर्ण जुळणी, तेव्हा चांगलेच आकडे आहेत. तरी १२५ ही संख्या लहान, आणि विद्यार्थी म्हणजे दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हेत. इथे चाललेली प्रश्नावली तिथे चालेलच असं धरता येत नाही, ते पुन्हा तपासावं लागतं. इतकं चिकाटीचं काम तुमची लेक आपल्या भाषेसाठी करायला निघालीय. मैत्रिणीने तिला नादाला नाही, कामाला लावलंय.

तिच्यासाठीही दोन गोष्टी. बेक यांची प्रश्नावली फुकट वापरायची नाही, तिचे हक्क पिअर्सन या प्रकाशन कंपनीकडे आहेत. विषय पक्का करण्याआधी लेखी परवानगीचं बघ, नाहीतर मोफत वापरता येणारी दुसरी निवड. आणि नुसता प्रबंध दाखवून कुणी नोकरी देणार नाही. संख्याशास्त्र हातात बसायला हवं. घटक विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात पडतात हे आकड्यांवरून शोधणं, स्वतः करता आलं, ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरता आलं, तर आरोग्य संशोधनाच्या प्रकल्पांत आणि चाचण्या तयार करणाऱ्या कंपन्यांत विचारणा होते. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर हा विषय घेऊ नकोस, असं मी स्पष्टच सांगेन.

नेट काय, एमपीएससी काय, एम.ए. पुरं करूनही देता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते.

कोणती परीक्षा ‘द्यायला लावू’ याचं उत्तर मात्र मी तुम्हाला देणार नाही. तो प्रश्न तिने विचारला तर मी तिला सविस्तर लिहीन.