मूठ राहू दे, आधी पाय बघ

तुझी आंदोलनाच्या चित्रांची वही चाळली. वळलेली मूठ सतरा वेळा आलीय! मीही सुरुवातीला मुठीच काढायचे, म्हणून हसू आलं. मूठ वाईट नाही गं, पण ती कुणाचीही असते.

मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा नको म्हणून सायनहून आझाद मैदानापर्यंतचं अंतर त्यांनी रातोरात कापलं. त्या मोर्चातलं आजही काय आठवतं? सोललेले तळवे. तुटकी चप्पल. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हातात लाटणं होतं. घरातलीच वस्तू, वेगळं चिन्ह शोधावं लागलं नाही.

तेव्हा मैदानात गेलीस की लगेच पेन्सिल काढू नकोस. शेजारी बस, गाव विचार, चहा घे. चेहरा काढायचा तर विचारूनच; नको म्हटलं तर पाठमोरं काढ. आपलं चित्र उद्या कुणाच्या नोकरीवर यायला नको. पोस्टर कलर घामाने ओघळतो, तिथे पेन्सिलच बरी.

बॅनरसाठी मांजरपाट घे, खाली रद्दी पसर, आणि अक्षरं आधी खडूने मोजून आख. माझ्या पहिल्या बॅनरवर ‘आमची जमीन’मधला ‘न’ मावलाच नव्हता. ‘आमची जमी’ घेऊन दिवसभर फिरलो आम्ही.