दोन जिवांच्या बाईने चालावे का?

‘चालल्या-फिरल्याने पोटातल्या लेकराला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये इतक्यांदा ऐकला आहे की, एका घराची गोष्ट सांगूनच त्याचे उत्तर द्यावेसे वाटते.

चौथा महिना लागलेली एक सून सासूबाईंसोबत आली. तिच्या आईला मधुमेह असल्याने डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. घरी मात्र तिला पाण्याची घागरही उचलू देत नव्हते. गर्भाला पोसणारी वार (प्लासेंटा) जी संप्रेरके (हार्मोन्स) सोडते त्यांनी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा जोर कमी होतो, आणि चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हे मी दोन भेटींत समजावले. सून मान हलवी, सासूबाई गप्प बसत.

तिसऱ्या भेटीत मी समजावणे थांबवले आणि विचारले, “काकू, तुमच्या वेळी कसं होतं?”

त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “माह्यं पयलं लेकरू कापूस वेचता वेचता गेलं, मॅडम. तवापासून मले भेव वाटते.”

अडचण सुनेच्या पायांत नव्हती, सासूच्या आठवणीत होती. घरातल्या भीतीला आधी बसायला जागा द्यावी आणि मगच सल्ला द्यावा, हे मला त्या दिवशी उमगले. ‘व्यायाम’ म्हटले की त्यांना उन्हातली दिवसभराची वेचणी दिसत होती. त्यांचे लेकरू का गेले हे आज कोणीच सांगू शकत नाही, पण तो दोष त्यांचा नव्हता, एवढे मी ठामपणे सांगितले. त्या रडल्या, आणि सुनेने प्रथमच त्यांचा हात धरला.

त्यानंतरचे बोलणे सोपे झाले. डॉक्टरांची मनाई नसेल तर आठवड्याला १५० मिनिटे पुरतात; जेवणानंतर दहा-दहा मिनिटे, ऊन टाळून, बोलता येईल एवढ्याच वेगाने चालावे. रक्तस्राव, पाणी जाणे, चक्कर किंवा पोटात कळा जाणवल्यास थांबून दवाखाना गाठावा. चालण्याने गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी होतो, पण टळतोच असे नाही. म्हणून पहिल्या तपासणीत साखर ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा तपासावी. ती १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आली, तर उपचार लगेच सुरू होतात.

तिची ११८ आली. तो कागद सासूबाईंनीच माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “मारुतीच्या पारापर्यंत मीच नेतो हिले, संध्याकाळी.”