चिकुनगुन्या गेला, बोटं मात्र मिटेनात

प्रश्न : दिवाळीच्या आधी मला चिकुनगुन्या झाला. ताप पाच दिवसांत उतरला, पण सात महिने झाले तरी सकाळी दोन्ही हातांची बोटं मिटत नाहीत. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येतं. मी खडी क्रशरवर कामाला जाते. गावात इंजेक्शन घेतलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय. हा वात आता जन्माचा लागला का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, कंटाळ्यानं बोटं सुजत नाहीत, हे आधी घरी वाचून दाखवा. २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा मीही आजारी पडले होते. बीपी बघताना रबरी फुगा दाबता येईना. सिस्टर दाबून द्यायच्या. मला पाच महिने लागले.

हा विषाणू साधारण आठवडाभरात रक्तातून जातो. त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती मात्र काहींच्या सांध्यांत धुमसत राहते. बहुतेकांचं दुखणं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं वर्षावर रेंगाळतं. थोड्यांना मात्र पुढं आमवातासारखा कायमचा संधिवात दिसतो, आणि तुमच्याबाबतीत मला काळजी वाटते ती त्याची. कारण तुमचं काम. खडीच्या धुळीत सिलिका, म्हणजे दगडाचे अगदी बारीक कण असतात. वर्षानुवर्षं ते छातीत गेले की फुप्फुसं तर खराब होतातच, पण आमवाताचा धोकाही वाढतो. तोंडाला बांधलेला पदर ही बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क लावा, आणि दगडावर पाणी मारूनच मशीन चालवा, असा मुकादमाकडं आग्रह धरा.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर आता थांबू नका. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनच्या ओपीडीत जा. तापातले कागद न्या, धुळीतलं काम आवर्जून सांगा. आमवातासाठी रक्तात बघतात तो आर.ए. फॅक्टर चिकुनगुन्यानंतर उगीचही पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून आमवाताच्याच, पण जास्त नेमक्या अशा अँटी-सीसीपी रक्ततपासणीबद्दल विचारा. खरंच आमवात निघाला तरी त्यावर चांगली औषधं आहेत, फक्त सांधे वाकडे होण्याआधी ती सुरू व्हायला हवीत.

ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असावं. पुन्हा पुन्हा घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सोबत पुडीतल्या गोळ्या रोज चालू असतील, तर त्यातही स्टेरॉइड असू शकतं, म्हणून मनानं एकदम बंद करू नका. पुडी तशीच डॉक्टरांना दाखवा.

आणि घरचं टिपाड. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून आपण भरून ठेवतो, त्यातच चिकुनगुन्या पसरवणारा, दिवसा चावणारा डास वाढतो. त्याची अंडी आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा काथ्यानं खसखसून घासा. उरलेलं पाणी सांडू नका, फडक्यातून गाळून घागरीत काढा. चिकुनगुन्या सहसा पुन्हा होत नाही, पण लेकरांना त्याच डासापासून डेंग्यूही होतो.