बुसीची फौज : कवायत, काडतूस आणि महिन्याचा पगार

(गारदी, म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेल्या शिपायांच्या, पलटणींवरच्या लेखात शार्ल-जोझेफ पातिसिए, मार्की द बुसी-कास्तेल्नो या फ्रेंच सरदाराचा उल्लेख होता. 1751 ते 1758 अशी सात वर्षं तो निजामाच्या दरबारी फ्रेंच फौज घेऊन राहिला. त्याच्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)

बुसी सरदार घराण्यातला, मग राजाची फौज सोडून व्यापारी कंपनीच्या चाकरीत कशाला आला? (सातारा)

नुसत्या घराण्यावर राजाच्या फौजेत फार वर जाता येत नसे. जोडीला पैसा लागे. त्या काळी फ्रान्समध्ये रेजिमेंटची कर्नलकी विकत मिळायची आणि पायदळाच्या रेजिमेंटला साधारण 25 ते 75 हजार लिव्र (तेव्हाचं फ्रेंच नाणं) मोजावे लागत. कप्तानकीचंही तसंच. शिवाय कप्तानाच्या तुकडीत माणूस मेला किंवा पळाला, तर नवा भरती करण्याचा भार 1762 पर्यंत कप्तानाच्याच अंगावर असायचा. त्यामुळे खिसा हलका असलेला कप्तान आपली माणसं धोक्यात घालायला कचरायचा. ही खरेदी-विक्री संपवण्याची सुरुवात 1776 मध्ये झाली. पद हातबदल होईल तसतशी त्याची किंमत चौथाईने उतरवायची, अशी ती योजना होती.

बुसी सोआसाँजवळच्या लहानशा सरदार घराण्यातला. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत पद विकत घ्यावं लागत नव्हतं, कामगिरीवर बढती मिळे. मात्र त्याची एक किंमत होती. राजाच्या अधिकाऱ्यापुढे कंपनीचा अधिकारी कमी दर्जाचा धरला जाई. 1758 मध्ये राजाचा सेनापती लाली पुदुच्चेरीला आला, तेव्हा सात वर्षं दख्खन सांभाळलेला बुसी दर्जाने राजाच्या कर्नलांच्या खाली होता. शेवटी त्यातल्याच अनेक कर्नलांनी, त्याला आमच्यावर नेमा, अशी लेखी विनंती केली. या माणसाच्या योग्यतेचा याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही.

राजाराम महाराजांची जिंजी मुघलांना सात-आठ वर्षं दाद देत नव्हती. बुसीने ती एका रात्रीत कशी घेतली? (कोल्हापूर)

जिंजी म्हणजे राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग हे तीन डोंगर आणि त्यांना जोडणाऱ्या तटाच्या पोटातलं गाव. तिन्ही डोंगर एकमेकांना तोफेने साथ देतात. झुल्फिकारखान वेढा घालून बसला, तो 1690 पासून 1698 पर्यंत.

सप्टेंबर 1750 मध्ये बुसीने वेढा घातलाच नाही. किल्ल्याबाहेर इंग्रजांच्या बाजूच्या मोहम्मद अलीची फौज उतरली होती. तिच्यावर तो तुटून पडला आणि ती पळत सुटल्यावर पाठलाग करत वेशीपर्यंत पोचला. आत घुसणाऱ्या गर्दीमागे दरवाजा लागला, तो त्याने पेटार्डने उडवला. पेटार्ड म्हणजे घंटेच्या आकाराचं धातूचं भांडं. त्यात दारू ठासून भरायची, तोंडावर जाड फळी घट्ट बसवायची, ती फळी आकड्याने दरवाज्याला टेकवून टांगायची आणि वात पेटवून बाजूला व्हायचं. फळी दरवाज्याला नीट भिडली नाही, तर स्फोटाचा जोर बाहेरच्या बाजूला निघून जातो आणि दरवाजा तसाच राहतो. वात आखूड कापली गेली, तर लावणाराच मरतो. हे सगळं वरून गोळीबार होत असताना करायचं असे.

गाव हाती आलं, तरी तिन्ही डोंगरांवरून मारा चालू होता. बुसी चंद्र मावळेपर्यंत गावातच दबून राहिला. अंधार पडल्यावर त्याने तीन तुकड्या एकाच वेळी तीन डोंगरांवर सोडल्या. एकमेकांना साथ देण्यासाठी बांधलेल्या किल्ल्यात प्रत्येक डोंगर आपापल्या जीवासाठी लढू लागला, तिथेच सगळं संपलं. उजाडेपर्यंत जिंजी पडली होती.

गारद्यांच्या बंदुकीत एवढं काय होतं? आपल्याकडेही बंदुका होत्याच. (नाशिक)

आपल्याकडे बहुतेक तोड्याच्या बंदुका होत्या. जळती वात हातात धरून दारू भरायची, म्हणजे दोन शिपायांमध्ये अंतर ठेवावंच लागे आणि मिनिटाला एक बार निघाला तरी पुष्कळ. चकमकीच्या बंदुकीला जळती वात नाही, म्हणून माणसं खांद्याला खांदा लावून तीन रांगांत उभी राहू शकत. त्या काळची फ्रेंच पायदळी बंदूक दीड मीटरहून लांब, वजनाला साडेचार किलोच्या आसपास आणि नळीचं तोंड साडेसतरा मिलिमीटरचं.

बार भरण्याची रीत अशी : बंदुकीचा घोडा अर्धा ओढायचा. कागदी काडतूस दातांनी फाडायचं. चिमूटभर दारू रंजकासाठी, म्हणजे आतला बार पेटवण्यासाठी, बाहेरच्या पेल्यात घालून झाकण लावायचं. बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी आणि कागद. गज काढून ठासायचं, गज परत जागेवर घालायचा. घोडा पूर्ण ओढायचा आणि हुकमाची वाट पाहायची. तयार शिपायाला याला वीस-पंचवीस सेकंद लागत.

यात बिघडण्यासारखं बरंच आहे. वीस-तीस बारांनंतर गारगोटी झिजते आणि ठिणगी पडत नाही. रंजकाचं भोक काजळीने बुजलं, की पेल्यातली दारू भुर्रकन जळते पण आतला बार उडत नाही. घाबरलेला शिपाई हे ओळखत नाही आणि त्यावरच दुसरं काडतूस ठासतो. लाकडी गज घाईत मोडतो, म्हणून पुढे लोखंडी आला. कधी गज नळीतच राहतो आणि गोळीबरोबर उडून जातो. मग संगीन लावण्याखेरीज त्या शिपायाला काम उरत नाही. पावसात तर सगळंच थंड.

आता हिशोब करा. नेम लागण्याचा भरवसा जेमतेम शंभर मीटरपर्यंत. दोनशे मीटरवरून सुटलेला घोडेस्वार अर्ध्या मिनिटात अंगावर येतो, म्हणजे एका शिपायाला एक, फार तर दोन बार. सगळ्यांनी एकदम बंदुका झाडल्या तर पुढचे वीस सेकंद पलटण निःशस्त्र. म्हणून टोळीटोळीने आळीपाळीने झाडायचं, कुणाची तरी बंदूक कायम भरलेली हवी, आणि रांगांच्या मधल्या जागेत हलक्या तोफा. हे अंगात मुरायला महिनोन् महिने रोजची कवायत लागते. बुसी 1751 मध्ये निघाला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे 300 फ्रेंच, 2000 देशी शिपाई आणि दहाएक तोफा एवढंच बळ होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस, चंद्रग्रहणाच्या रात्री, कुकडीकाठी त्याने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला, तो याच फौजेच्या जोरावर.

एवढ्या फौजेला पैसा कुठून यायचा? (सोलापूर)

बुसीला समजून घ्यायचं, तर तोफांआधी हा प्रश्न विचारायला हवा. कवायती शिपाई शेतीच्या हंगामात घरी जात नाही, लुटीवर पोट भरत नाही. त्याला बारा महिने रोख पगार लागतो. आणि तो पगार निजाम सलाबतजंगाच्या खजिन्यातून यायचा, म्हणजे किल्ली दिवाणाच्या हातात. 1753 मध्ये बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला, तेव्हा दिवाण सय्यद लष्करखानाने नेमकं हेच केलं. पगार तटवला आणि फ्रेंच तुकड्या वसुलीच्या नावाखाली इकडेतिकडे पांगवल्या. एक गोळी न झाडता फौज मोडायची ही पक्की रीत आहे.

बुसी तब्येत सावरून परतला, फौज गोळा करून औरंगाबादेला धडकला आणि त्याने थकबाकी मागितली नाही. कोंडापल्ली (मुस्तफानगर), एलुरू, राजमहेंद्री आणि श्रीकाकुलम ही चार सरकारं (म्हणजे जिल्हे) फौजेच्या खर्चासाठी लावून घेतली. दिवाणाची मेहेरबानी संपली.

तरी अडचण राहतेच. वसूल पिकाच्या हंगामात हप्त्यांनी येतो, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. मधलं अंतर सावकारी कर्जाने किंवा मक्तेदाराकडून, म्हणजे वसुलीचा ठेका घेणाऱ्याकडून, आगाऊ रक्कम घेऊन भरावं लागतं, आणि मक्तेदार आपली किंमत वसूल करतो. श्रीकाकुलम आणि राजमहेंद्रीचा मक्ता विजयनगरमच्या विजयराम राजूकडे होता. त्याचं शेजारच्या बोब्बिलीशी वैर. जानेवारी 1757 मध्ये बुसीच्या तोफा बोब्बिलीवर चालल्या. किल्ला पडणार हे दिसताच आतल्या लोकांनी आपल्या बायकामुलांना स्वतःच्या हातांनी मारलं आणि मग ते लढून मेले. गारद्यांच्या पगारात हा हिशोबही धरायला हवा.

बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पानिपतात आपल्या बाजूने होता. मग ती पद्धत तिथे का चालली नाही? (पुणे)

चालली, पण एकटीच. 14 जानेवारी 1761 ला इब्राहिमखानाच्या नऊ पलटणी डाव्या बगलेला होत्या. दोन पलटणी त्याने बाजू राखायला तिरक्या उभ्या केल्या आणि सात घेऊन तो संगिनींनिशी रोहिल्यांवर गेला. त्यांची फळी मोडली, पण त्याच्याही सहा पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या.

ही पद्धत सगळ्या सैन्याने मिळून पाळावी लागते. पायदळाने फळी फोडली, की त्या भगदाडात घोडदळ शिरायला हवं आणि तोवर कुठलाही स्वार पायदळाच्या तोंडासमोर यायला नको. तो आला, की मागच्या बंदुका आणि तोफा बंद कराव्या लागतात. आपले सरदार वेगळ्या युद्धात वाढलेले, शौर्यात तसूभर कमी नव्हते, पण ही कवायत त्यांनी कधी केली नव्हती.

आणि पगार? अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या गोटातून लढाई पाहिलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलं आहे, की त्या सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांना म्हणाला, मी पगारासाठी तगादा लावायचो म्हणून आपली माझ्यावर नाराजी होती. या महिन्यात तर पगार मिळालेलाच नाही. पण आज आम्ही आमचं काम करून दाखवू. त्याने ते केलं. जखमी अवस्थेत तो शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला.

बुसीचं पुढे काय झालं? (बडोदे)

लालीने त्याला 1758 मध्ये दख्खनेतून बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतलं, म्हणजे पगाराचा झराच आटला. जानेवारी 1760 मध्ये वांदिवाशच्या लढाईत बुसी इंग्रजांच्या हाती सापडला. पुढे फ्रान्समध्ये लालीला 1766 मध्ये देहदंड झाला. बुसी 1783 मध्ये म्हातारपणी, थकलेल्या शरीराने पुन्हा हिंदुस्थानात आला. कडलूरला इंग्रजांनी त्याला घेरलं होतं, तेवढ्यात युरोपात तह झाल्याची बातमी आली. 7 जानेवारी 1785 ला तो पुदुच्चेरीत वारला.

यातली कोणती जागा पाहता येईल? (मुंबई)

जिंजी. पुदुच्चेरीहून गाडीने दोनेक तासांवर आहे. राजगिरी उंच आहे, ऊन चढायच्या आत सुरुवात करा आणि पाणी सोबत ठेवा. माथ्यावरून आधी समोरचे दोन डोंगर पाहा आणि मग खालचं गाव. रात्री तीन तुकड्या कुठून चढल्या असतील, हे तिथे उभं राहिल्यावरच ध्यानात येतं.